पालथा एक, उताणे चार

दत्तप्रसादला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा सुनंदा एकदाच रडली. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून. मग डोळे पुसून तिने ऑफिसला फोन लावला आणि रजा टाकली. पुण्याहून लेक कस्तुरी रोज म्हणायची, "आई, आता दोघं इकडेच या." सुनंदाचं उत्तर ठरलेलं. "बाबा बरा होईपर्यंत येणार नाही. आणि बरा झाल्यावर येऊन करू काय?"

तो वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द फुटेनासा झाला. ज्याच्या गप्पांमुळे बँकेतली जेवणाची सुट्टी लांबायची, तो माणूस आता बहारिनमधल्या गुदैबिया भागातल्या फ्लॅटच्या खिडकीशी मुका बसून राही. स्पीच थेरपिस्ट श्रेया चित्रं दाखवायची : चावी, छत्री, सफरचंद. त्याला सगळं ओळखू यायचं, ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं. पण बालवाडीतल्या पोरासारखं विचारलेलं त्याला खपत नसे. तो तोंड घट्ट मिटून घ्यायचा.

त्याला पत्त्यांचा भारी नाद, म्हणून सुनंदाने रमी मांडली. एका हातात तेरा पानं कशी मावणार? पानं निसटून जमिनीवर पडली, आणि त्याने मान फिरवली ती दिवसभर वळवली नाही.

पुढच्या शुक्रवारी हारून भेटायला आला. हा बुदैयाचा बहारिनी गृहस्थ, दत्तप्रसादचा बँकेतला जुना दोस्त. हिंदी आपल्यापेक्षा सफाईने बोलायचा. जमिनीवरची रमीची कथा ऐकून तो हसला.

"भाभी, रमी छोडो. हम दोनों स्टड खेलते थे. उसमें हाथ में कुछ पकड़ना ही नहीं पड़ता."

खिडकीशी बसलेल्या दत्तप्रसादने मान वळवली. सुनंदाने ते पाहिलं आणि तिथल्या तिथे जेवणाचं टेबल रिकामं केलं. "शिकवा."

खेळ सरळ होता. प्रत्येकाला पहिला पत्ता पालथा, तो फक्त ज्याचा त्याने बघायचा. त्यानंतरचे चार उताणे, एकेक करून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उताणा पत्ता पडला की बोली. ज्याचे उघडे पत्ते सगळ्यांत भारी, त्याने आधी बोलायचं. दुसऱ्यांनी तेवढीच बोली लावायची, नाहीतर वाढवायची, नाहीतर पत्ते टाकून मोकळं व्हायचं. शेवटी जे उरतील त्यांनी पालथा पत्ता उलटायचा. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यापेक्षा तीन सारखे, मग ओळीने पाच, आणि पाचही एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे किलवर, आले तर त्याहून मोठे. त्याच्या वरचेही डाव होते, पण हारून म्हणाला, ते आयुष्यात क्वचित येतात, आले की सांगेन.

बोलीला सुनंदाने बरणीतला राजमा काढला. तिघांना सारख्या मुठी वाटल्या.

दत्तप्रसाद डाव्या हाताने दाणे पुढे ढकलू लागला. बोलायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी सुनंदा सपाटून हरली. दुसऱ्या शुक्रवारी तिच्याकडे राजाची जोडी होती, तरी नवऱ्याला बरं वाटावं म्हणून तिने पत्ते टाकले. गोळा करताना पालथा राजा उताणा पडला. दत्तप्रसादने तो पाहिला, आणि डाव्या हाताच्या एका फटक्यात सगळा राजमा खाली उधळला.

सुनंदा वाकून दाणे गोळा करता करता म्हणाली, "बरोबर आहे तुझं. माझं चुकलं. आता मी तुला सोडणार नाही, बघच."

आणि तिने सोडलं नाही. रजा संपली होती, तरी आठवडाभर ती रोज ऑफिसातून येऊन चहा ठेवायची आणि त्याच्यासमोर बसायची. पडलेले पत्ते लक्षात ठेवायला शिकली, फसवायलाही शिकली.

मग शुक्रवारी तो डाव आला. हारूनने पत्ते टाकून दिले होते. सुनंदाच्या पुढे उघड्या दोन राण्या, एक दहा, एक पंजा. दत्तप्रसादपुढे चारही बदाम : तिर्री, सत्ती, नव्वी, राजा. पालथा पत्ताही बदाम असेल तर सगळं त्याचं, नसेल तर काहीच नाही. राण्यांमुळे आधी बोलायची पाळी सुनंदाची. तिने चार दाणे सरकवले. त्याने आपला सगळाच ढीग पुढे ढकलला, आणि चष्मा नाकावर वर केला.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. बाहेर जिलेबी खाऊन "मी काही खाल्लं नाही" म्हणताना तो असाच चष्मा वर करायचा.

"बघते मी," सुनंदा म्हणाली, आणि तेवढेच दाणे लावून आपला पालथा पत्ता उलटला. दुसरं दहा. दोन जोड्या.

दत्तप्रसादने आपला उलटला. किलवरची दुर्री.

सुनंदाने अख्खा ढीग दोन्ही हातांनी ओढून घेतला. जराही दया न दाखवता.

त्याचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "प... परत," तो म्हणाला. मग टेबलावर हात आपटून, स्पष्ट : "वाट!"

हारूनला मराठी येत नव्हती, पण त्याला कळलं. डोळ्यांच्या कडा पुसत तो पत्ते पिसू लागला.

आता श्रेया चित्रं आणत नाही. ती टेबलाशी बसते, आणि दत्तप्रसादने बोली तोंडाने सांगितल्याशिवाय पुढचा पत्ता पडू देत नाही. वाक्यं अजून अडखळतात, उजवा हात मांडीवरच असतो. परवा कस्तुरीने फोनवर तोच पुण्याचा विषय काढला, तेव्हा त्याने सुनंदाच्या हातून फोन घेतला.

"शुक्रवारी," तो सावकाश म्हणाला, "आम्हाला... वेळ नाही."