पंधराशे मीटरवरची टाकी

विमानतळावरच्या हवामान निरीक्षकाला सगळे मीटरराव म्हणत. घरी बायकोने मिठाची बरणी कुठे ठेवलीत असं विचारलं, तर "डावीकडे, दीड मीटरवर" असं उत्तर यायचं आणि बरणी तिथेच असायची. अंतराच्या बाबतीत नवऱ्याशी वाद घालणं तिने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं होतं.

त्यांचं काम म्हणजे दर अर्ध्या तासाने गच्चीवर जायचं आणि किती लांबचं दिसतंय ते पाहून टॉवरला कळवायचं. कोणती वस्तू किती अंतरावर, याची यादी भिंतीवर लावलेली होती. अग्निशमन दलाचं दार चारशे मीटर, कुंपणाचा कोपरा सातशे, पाण्याची टाकी पंधराशे, कारखान्याची चिमणी तीन हजार. टाकी दिसली की पंधराशे सांगायचे. आकडा बाराशेच्या खाली गेला तर त्या धावपट्टीवर विमान उतरवायचं नाही, असा तिथला नियम. हेच काम करणारं एक यंत्रही होतं, पण ते बहुतेक वेळ दुरुस्तीला गेलेलं असे. मीटररावांना त्याचं वाईट वाटत नसे.

थोरली बहीण म्हणायची, आमचा भाऊ खिडकीबाहेर बघायचा पगार घेतो. मीटरराव तिला शांतपणे दुरुस्त करत, की खिडकीबाहेर नव्हे, गच्चीवरून.

रजिस्टरमधली चुकलेली नोंद लाल शाईने दुरुस्त करायची असते. एकतीस वर्षांत मीटररावांच्या नावावर लाल ओळ नव्हती. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि पाटी कोरी ठेवून घरी जायचं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती.

दाढ काढायला एक दिवस रजा घेऊन ते मंगळवारी कामावर आले, तेव्हा धुकं होतं आणि यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. पावणेआठच्या विमानाने बहीण यायची होती. साडेसातला दिवसाच्या पहिल्या नोंदीसाठी ते गच्चीवर गेले. दार पाहिलं, कुंपण पाहिलं, टाकी पाहिली. खाली येऊन टॉवरला पंधराशे कळवलं. टॉवर उंच, त्याच्या काचांबाहेर नुसतं पांढरं. तिथल्या बाई मीटररावांच्याच आकड्यावर चालत. त्यांनी वैमानिकाला या म्हणून सांगितलं.

मग नोंद करायला मीटररावांनी रजिस्टर उघडलं. वरच्या ओळीत आदल्या दिवशीच्या सहकाऱ्याचं अक्षर होतं: "दुपारी तीन वाजता पाण्याची टाकी पाडण्यात आली. यादीतून वगळावी."

त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि पुन्हा वर गेले. कुंपणाचा कोपरा दिसत होता, तोही जेमतेम. त्यापुढे काही नव्हतं.

गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. धुकं दहा मिनिटांत विरळ होण्याचा संभव होता, बरेचदा होतं. हा विचार आपण जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरेपर्यंत केला, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. मग फोन उचलला.

"पंधराशे रद्द करा. सातशे."

"पाच मिनिटांत निम्मं झालं?" बाईंनी विचारलं.

"निम्मं झालं नाही. आधीपासून तेवढंच असणार. मला टाकी दिसली होती."

"टाकी काल पाडली, मीटरराव."

"म्हणूनच सांगतोय."

बाईंनी फोन तसाच बाजूला ठेवला. त्या वैमानिकाला वर जा म्हणत असल्याचं मीटररावांना ऐकू आलं. थोड्या वेळाने डोक्यावरून इंजिनाचा आवाज गेला आणि लांब होत गेला. वीस मिनिटं घिरट्या घालून विमान दुसऱ्या शहरात उतरलं.

मीटररावांनी शेजारच्या टेबलावरचं लाल पेन मागून घेतलं आणि ओळ लिहिली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. खुलाशात एकच शब्द होता: सवयीने. साहेबांनी त्यांना डोळे तपासायला पाठवलं. डोळे वयाच्या मानाने उत्तम निघाले. साहेब म्हणाले, खराब असते तर अहवाल लिहायला सोपं गेलं असतं.

बहीण बसने संध्याकाळी पोचली. सात तास बसचे धक्के खाऊन तिची कंबर धरली होती आणि जीभ मोकळी होती. मीटररावांनी जेवताना तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"टाकी नव्हती म्हणून चूक सापडली," ती म्हणाली.

"हो."

"आणि होती तेव्हा रे? एवढी वर्षं धुक्यात खरंच दिसायची, का तेव्हाही अशीच?"

सकाळपासून दर अर्ध्या तासाने मीटरराव हेच स्वतःला विचारत होते.

"माहीत नाही, ताई."

बायकोने नणंदेला आणखी वाढलं. तिने नको म्हटलं नाही.

"मग उरलेले चार महिने तरी एकेक वस्तू नीट बघ," बहीण म्हणाली.

"बघतो," मीटरराव म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीही सकाळची ड्यूटी असल्यामुळे लवकर झोपायला गेले. झोप काही लागली नाही, असं बायको सांगते.