मशीन थांबलं तेव्हा

तापलेल्या लोखंडाचा नि तेलाचा वास आमच्या घरात बाहेरून येत नसे, तो घरातलाच होता. भोसरीत एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत आमचा संसार; खाली पत्रा कापणारं मशीन धडधडू लागलं की वर मांडणीतल्या वाट्या किणकिणत, कपातला चहा थरथरे आणि माझे तळपायसुद्धा. दिवसपाळी-रात्रपाळी चालणाऱ्या त्या मशीनला मी मनसोक्त शिव्या देत असे.

पाचवा महिना सरत आला होता. आधीचं मूल याच महिन्यात, कसलंही कारण न सांगता निघून गेलेलं, त्यामुळे जीव सदा टांगणीला. तपासणीत सगळं ठीक होतं. आता बाळाची हालचाल जाणवू लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. जाणवणार कशी? पोटावर हात ठेवला की कंप लागे, पण तो बाळाचा की लोखंडाचा, देव जाणे! नवऱ्याला हे सांगायचीही मला भीती वाटे.

शेवटी घरमालकीण सखूकाकूंपाशी रडले. त्या इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या, कारखान्यांआधीची भोसरी पाहिलेल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बेस्तरवारी मशिनी बंद असत्यात, पोरी. तवा निवांत पड. त्याचं त्ये सांगंल."

गुरुवार उजाडला, कारखान्यांच्या सुट्टीचा. हेमंतातलं कोवळं ऊन अंथरुणावर उतरलं होतं, वाट्या मुक्या होत्या, आणि मी डाव्या कुशीवर, श्वाससुद्धा जपून घेत पडले होते. बराच वेळ काहीच नाही. ती शांतता मला खायला उठली. मग बेंबीखाली, अगदी आतून, कुणीतरी हलकेच बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा तर चांगलंच रागाने. मी हसत होते आणि उशी भिजत होती. माझ्याच देहात माझ्याखेरीज कुणीतरी जागं होतं!

झोका थांबला की पाळण्यातलं मूल कुरकुरतं. ज्या धडधडीला मी शिव्या घातल्या, तिच्यावरच ते इतके दिवस निजत आलं असेल का?

शुक्रवारी सकाळी मशीन सुरू झालं, वाट्या किणकिणल्या. पोटावर हात ठेवला. आत सारं निवांत. त्या निवांतपणाला या वेळी मी भ्यायले नाही. एवढ्या खडखडाटात, पावलं न वाजवता, चहा ठेवायला उठले.