अण्णांचा अल्बम आणि माझं परीक्षण

गेल्या रविवारी आम्ही घरचे सगळे कवठे महांकाळला गेलो होतो. धाकटी बहीण कोमल हिच्या लग्नाची बोलणी होती. मुलगा आम्हाला पसंत होता, आणि कोमलला तर आमच्या आधीच पसंत होता.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या बहुतेकांना माहीत आहे, मी इथं नवीन अल्बमवर लिहिते. दिवसभर साताऱ्यात मेडिकल दुकान सांभाळायचं आणि संध्याकाळी इअरफोन घालून गाणी ऐकायची. आपल्याला कुणी विचारलेलं नसतं, तरी मत द्यायची खाज भारी. आई म्हणते, एवढं तिखट माझ्या भाजीत पण नसतं.

तर आम्ही सकाळी गाडी करून निघालो. विट्यात चहाला थांबलो असताना हे स्थळ आणणारी आत्या सहज म्हणाली, "घर चांगलं हाय. पोराचा बाप लवकर गेला, चुलत्यानंच वाडीवलाय. चुलता गजीतली, धनगरी नाचातली गाणी म्हणतो बग, आवंदा अल्बम पण काढलाय."

मी अल्बमचं नाव विचारलं... आणि हातातला चहा तसाच राहिला.

मागच्याच महिन्यात मी त्या अल्बमवर लिहिलं होतं. साधंसुधं नाही, चांगलं सोलून काढलं होतं. 'आवाज खणखणीत, पण गायकाचा ताल कच्चा. ढोल पुढं चाललाय आणि गायक सुटलेल्या एसटीमागं धावल्यासारखा त्याच्या मागं धावतोय.' हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की पोस्ट धडाधड शेअर झाली. मी पण दोन दिवस खुशीत होते.

आत्याला पत्ताच नव्हता. मी कोमलला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि पोस्ट उडवायला मोबाईल काढला. तिचा चेहरा उतरला होता, तरी तिनं माझा हात धरला. "आता काढून काय उपेग? वाचायचं त्यांनी वाचलंच असंल." मग जरा थांबून विचारलं, "ताई, तू खरं लिवलंवतंस ना?"

खरं सांगू? मला तेव्हा ते शंभर टक्के खरं वाटलं होतं. पण त्या क्षणी माझ्या खरेपणापेक्षा मला तिचं लग्न हवं होतं. पुढचा सगळा रस्ता मी देवाला हात जोडत गेले.

मुलाच्या घरी स्वागत झकास झालं. पोहे झाले, चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. म्हाळाप्पा अण्णा, म्हणजे मुलाचे चुलते, एका बाजूला पटका बांधून शांत बसले होते. लग्नाचा शेवटचा शब्द त्यांचाच, हे सगळ्यांच्या बघण्यावरून कळत होतं.

चहाचे कप आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "साताऱ्याची थोरली बहीण कोण? गाण्यावर लिवती ती?"

मी म्हटलं, मीच. आवाज कुठून आला ते माझं मला माहीत नाही. बाबा माझ्याकडं बघायला लागले.

अण्णा म्हणाले, "पुतण्यानं वाचून दावलं. एसटीचं लय हसलो आमी. पर बाई, ताल कच्चा न्हाई. स्टुडिओत त्यांनी ढोल आदी भरून ठिवला आन मग मला कानाला हेडफोन लावून त्येच्यावर म्हणाय सांगितलं. आता ढोल माझ्याकडं कसा बघंल?"

त्यांनी धाकट्या भावाला ढोल काढायला लावला आणि सोप्यातच उभं राहून एक गाणं म्हटलं. ढोलवाल्याची नजर अण्णांच्या तोंडावरून हलत नव्हती. अण्णांनी श्वास लांबवला की काठी थांबायची, त्यांनी उचललं की काठी उचलायची. तेच गाणं... आणि एक मात्रा इकडची तिकडं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माण तालुक्यातली, आमच्या दहिवडीकडं लहानपणापासून गजी बघितलेली. गाणाऱ्याकडं बघून ढोल वाजतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण इअरफोन घातला आणि मी पण त्या स्टुडिओवाल्यासारखीच उलटं ऐकत बसले. चूक ऐकली ती बरोबर, खापर फोडलं ते मात्र भलत्याच माणसावर.

मी सगळ्यांसमोर माफी मागितली. अण्णांनी हातानंच ती बाजूला सारली. "आवं, सगळी नुसतं लय भारी, लय भारी म्हणत्यात. माझ्या जिवाला डाचत हुतं की कायतरी चुकलंय, आन घरात कुणाला पटत न्हवतं. तुमचं वाचलं तवा कळलं, मी खुळा न्हाई." मग बाबांकडं वळून म्हणाले, "पावणं, आता कशाला थांबायचं? सुपारी फोडूया."

आतल्या दारात कोमल उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि मला इतक्या वेळानं पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. आई शेजारून हळूच म्हणाली, "आता तरी जरा कमी तिखट टाक."

लिहिणं मी बंद करणार नाही, अण्णांनीच तशी तंबी दिलीय. पण गाणं कसं रेकॉर्ड केलं ते विचारल्याशिवाय गाणाऱ्याला नावं ठेवणार नाही. अण्णा, तुम्ही मला चार शब्द सुनावू शकला असता, त्याऐवजी गाऊन दाखवलंत... हे मी विसरणार नाही.

तर मंडळी, मी लिहिलं होतं की गायकाचा ताल कच्चा आहे. ते साफ चुकीचं होतं. ज्यांनी ज्यांनी ती पोस्ट शेअर केली त्यांनी ही पण करा... माझ्या बहिणीच्या चुलतसासऱ्यांच्या नावाचा प्रश्न आहे.