का थांबलं नाही

जर्मनीतल्या या घरात राहायला आले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या दाराला केअरवोखेची पाटी लटकली. म्हणजे त्या आठवड्यात इमारतीचा जिना पुसायची पाळी माझी. मी वरपासून खालपर्यंत जिना पुसला आणि पाटी समोरच्या दाराला अडकवून मोकळी झाले. दहा मिनिटांत बेल वाजली. बाहेर सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात तीच पाटी.

"माफ करा," ते जर्मनमध्ये म्हणाले, "तळघराच्या पायऱ्या राहिल्यात. आणि बाहेरचा फुटपाथही."

मी नागपूरची. माझ्या नाकावर राग कायम बसलेलाच असतो. मी बादली उचलली, तळघर पुसलं, फुटपाथ झाडला आणि वर येऊन दार जरा जोरातच लावलं. तासाभराने पुन्हा बेल. या वेळी त्यांच्या हातात खजुरांची बशी होती. "मी चाळीस वर्षांपूर्वी हीच चूक केली होती," ते म्हणाले. "मला मात्र खजूर कोणी दिले नाहीत." मला हसू आलं, आणि दार लावायचं राहून गेलं.

तिथून आमचा शनिवारचा चहा सुरू झाला. बरोबर चार वाजता, त्यांच्याकडे. ते मूळचे इराणमधल्या आबादानचे, वडील तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात फिटर. क्रांतीच्या आधी शिकायला जर्मनीत आले आणि इथेच राहिले. आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवल्या. पत्नी जर्मन होती, ती पाच वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. काचेच्या छोट्या पेल्यात काळा चहा यायचा, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. मी पोह्यांचा चिवडा न्यायची, त्यांच्यासाठी मिरची न घालता. बिनमिरचीचा चिवडा करताना माझे हात जड व्हायचे, पण करायची.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी तीन वर्षांच्या काँट्रॅक्टवर आले होते, त्याला एकोणीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. ऑफिसात माणसं चांगली आहेत, पण शुक्रवारी दुपारी "शोनेस वोखेनएंडे", म्हणजे सुट्टी मजेत जावो, म्हणून जी निघतात ती सोमवारीच दिसतात. चौदा एप्रिलला फ्रँकफर्टजवळ आपली मंडळी जमतात. तिथे मनसोक्त जयभीम होतं, जेवण होतं, आणि संध्याकाळच्या गाडीने मी परत. भाऊ नागपूरहून रविवारी फोन करतो, "ताई, बरी आहेस ना?" विचारतो, मी "मजेत" म्हणते. शनिवारचा तो चहा नसता तर शुक्रवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत माझ्या दारावर कोणीही थाप मारली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग आखाताच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या. क्षेपणास्त्रं, पेटलेली तेलवाहू जहाजं, नकाशावरचे लाल बाण. आमच्या कँटीनमध्ये पेट्रोल किती महागणार यावर चर्चा रंगली. आम्ही गाडीत इंधन पुढे ढकलणारा पंप बनवतो, त्यामुळे ती चर्चा फुकटची नव्हती. मीही त्यात तोंड घातलं. शनिवारी शेजाऱ्यांकडे गेले तर त्यांनी टीव्ही बंद करून त्यावर कापड टाकलेलं.

"हे नवीन युद्ध मला समजत नाही," ते म्हणाले. "मला अजून जुनंच समजलेलं नाही. आमचं आणि इराकचं. आठ वर्षं चाललं. माझा धाकटा भाऊ त्यात गेला."

भावाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते.

"तुम्ही कारखान्यात बिघाडाचं कारण शोधता ना? तुम्ही ना आमच्यातल्या, ना त्यांच्यातल्या. तुम्ही सांगा. त्या युद्धाला जबाबदार कोण?"

आता इथे दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, काय सांगणार, राजकारण घाणेरडं असतं. आणि दुसरा चहा मागितला असता. पण मी क्वालिटीतली बाई. कोणी आमच्यापुढे "का" म्हणून विचारलं की आमचा हात फॉर्मकडे जातो. गिऱ्हाइकाकडून बिघडलेला पंप परत आला की आम्ही दोन रकाने भरतो. पहिला, बिघाड का घडला. दुसरा, तो घडत असताना आपण थांबवला का नाही. नवीन मुलं पहिल्या रकान्यात पानं भरतात आणि दुसऱ्यात एक ओळ लिहितात. मी त्यांना फाडून खाते. खरी लाज नेहमी दुसऱ्या रकान्यात असते, असं मी त्यांना गेली दहा वर्षं ऐकवते आहे.

मी दोन शनिवार-रविवार त्या युद्धावर घालवले. लायब्ररीतून पुस्तकं आणली, नकाशे पाहिले. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. खूप दिवसांनी कोणीतरी मला घरचं काम दिलं होतं. पहिल्या रकान्यात मी सीमेवरच्या नदीचा वाद लिहिला, इराकच्या सत्ताधीशाने धुडकावलेला करार लिहिला, शेजारी क्रांतीत खिळखिळा झालाय तोवर त्याची तेलाची जमीन लाटू हा त्याचा हिशेब लिहिला. पलीकडून होणाऱ्या चिथावणीलाही जागा दिली. पण सैन्य आधी कोणी घुसवलं याबद्दल शंका ठेवली नाही. ते इराकने.

दुसऱ्या रकान्यात मी जास्त मेहनत घेतली. दोन्हीकडे शस्त्रं विकणारे देश लिहिले. विषारी वायूची सामग्री पुरवणारे युरोपातले कारखाने लिहिले, त्यात या देशातलेही. तेल मिळतंय तोवर डोळ्यांवर कातडं ओढून बसलेले सगळे लिहिले. आणि मग शेवटचं. दोन वर्षांत इराणने गमावलेलं सीमेवरचं खोर्रमशहर परत घेतलं. तिथे युद्ध थांबवता आलं असतं. ते न थांबवता सीमा ओलांडून आणखी सहा वर्षं लढत राहायचं इराणने ठरवलं. मी लिहिलं: "यानंतरच्या मृत्यूंची जबाबदारी, हल्ला करणाऱ्यांइतकीच, शहर परत मिळाल्यावरही तरुणांना लढायला पाठवत राहिलेल्या प्रत्येकाची आहे." 'प्रत्येकाची' या शब्दावर मी खूश होते. ऑफिसातही मी असंच लिहिते, म्हणजे कोणी निसटत नाही.

ते मोठ्या कागदावर छापून शनिवारी चार वाजता मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा बदलला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. दुसऱ्या रकान्याच्या शेवटी बोट बराच वेळ थांबलं.

"गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर. मग कागदाची घडी घातली, "मेहनत घेतलीत, आभारी आहे," म्हणाले, आणि चहा न ओतताच उठून उभे राहिले. मी चिवड्याचा डबा तिथेच विसरून घरी आले.

पुढच्या शनिवारी दारावर चिठ्ठी होती: बरं वाटत नाही, क्षमस्व. त्याच्या पुढच्या शनिवारी चिठ्ठीही नव्हती. बेल वाजवली, आत पावलं ऐकू आली, दार उघडलं नाही. तिसऱ्या शनिवारी मी चारच्या आधीच घरातून निघाले आणि एस-बानने शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत आले. तिकीट तपासनिसाने "डांके" म्हटलं, धन्यवाद. त्या दोन दिवसांत समोरासमोर माझ्याशी कोणी बोललेला तो एकच शब्द.

आधी मला राग आला. विचारलंत कशाला मग? स्वतःच्या देशाचा दोष दिसला की कागद वाईट? घरात फेऱ्या मारत मी त्यांच्याशी मोठमोठ्याने मराठीत भांडले, आणि शेवटी सोफ्यावर बसून रडले. मला त्यांची फार आठवण येत होती. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या चहासाठी पन्नाशीची बाई रडते, याची लाजही वाटत होती.

मग केअरवोखेची पाटी त्यांच्या दारावर आली. सोमवार, मंगळवार, बुधवार गेला, जिना तसाच. बाहेर पाऊस, पायऱ्यांवर चिखलाचे ठसे. ज्या माणसाने तळघराच्या पायऱ्यांसाठी माझी बेल वाजवली होती, त्याच्याकडून हे होणं शक्य नव्हतं. तळमजल्यावरच्या बाईंनी टपालपेट्यांवर सूचनाही चिकटवली. शुक्रवारी मी लवकर घरी आले, बादली घेतली आणि त्यांच्या वाटणीचा जिना पुसायला लागले.

दुसऱ्या मजल्यापर्यंत आले तोच वरून आवाज आला. "ठेवा ते! माझं काम मी करीन!"

ओळखीच्या दोन वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. कठड्याला धरून ते खाली आले. दाढी वाढलेली, पायात वेगवेगळे मोजे. माझ्या हातातला पोछा त्यांनी अक्षरशः हिसकावून घेतला, दोन पायऱ्या पुसल्या आणि ओल्या पायरीवरच मटकन बसले. मी पण बसले. दुसरं काय करणार?

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "तुमचं दुःख होतं, मी त्याचा रिपोर्ट केला."

"रिपोर्ट बरोबर आहे. म्हणून तर." मग कठडा धरून उठत, "वर चला, काही दाखवायचंय."

चहा नव्हता. त्यांनी कपाटातून एक लिफाफा काढला. वर त्यांचंच अक्षर होतं, जर्मन तिकीट होतं. खोर्रमशहर परत मिळालं त्या उन्हाळ्यातलं पत्र. आई आणि धाकटा भाऊ तेव्हा शिराझला आसऱ्याला होते. भाऊ अठराचा, नुकती शाळा संपलेली. त्याने मोठ्या भावाला विचारलं होतं: तुर्कस्तानमार्गे निघणारी माणसं भेटली आहेत, मी तुझ्याकडे जर्मनीला येऊ का? हे पत्र म्हणजे त्याचं उत्तर. भाऊ गेल्यावर आईने त्याच्या सामानासोबत परत पाठवलेलं.

ते एकेक ओळ मला जर्मनमध्ये सांगत गेले. शहर परत मिळालंय, आता हे संपल्यातच जमा आहे. आईला एकटी टाकून चोरासारखा पळू नकोस. देशाच्या कामी ये, मानाने सेवा पूर्ण कर, मग मी स्वतः तुला बोलावतो. दीड वर्षाने भाऊ इराकच्या हद्दीतल्या एका दलदलीत मारला गेला. त्या दलदलीखाली तेल आहे, एवढं मला आता पुस्तकांमुळे माहीत होतं.

"मी इथे होतो," ते म्हणाले. "गरम खोलीत. लोकांचे दात बनवत होतो. मानाने सेवा कर, असं इथे बसून लिहिलं." मग त्यांनी माझा कागद उलगडला आणि दुसऱ्या रकान्याच्या शेवटी बोट ठेवलं. "तरुणांना पाठवत राहिलेला प्रत्येक जण. यात मी येतो ना?"

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, अहो नाही, असं काय म्हणता, तुम्ही काय करणार होतात, तुम्हाला कुठे माहीत होतं. आपल्याकडे असंच बोलतात, तेच माणुसकीचं मानतात. पण मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"माझी बायको नाही म्हणायची," ते म्हणाले. "डॉक्टर नाही म्हणाला. आईसुद्धा फोनवर नाही म्हणाली, तिने तर हे पत्र पाठवलं होतं. चाळीस वर्षं सगळे नाही म्हणतात आणि विषय बदलतात. मग मी एकटाच राहतो या पत्रासोबत."

मला भीती वाटली. मी हो म्हटलं तर हे दार कायमचं बंद होईल, आणि या शहरात मला दुसरं दार नव्हतं. नाही म्हटलं असतं तर उद्या चार वाजता कदाचित चहा मिळाला असता, नेहमीसारखा, साखरेच्या खड्यासकट.

"हो," मी म्हणाले. "येता. सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात थोडे. ज्याने सैन्य घुसवलं तो वर आहे, ज्यांनी थांबू दिलं नाही ते वर आहेत. पण पत्र तुम्ही लिहिलंत. तुम्ही 'ये' लिहिलं असतं तर तो कदाचित आला असता."

मग त्यांचा चेहरा एकदम पडला आणि ते रडायला लागले, हुंदके देत, तोंडावर हात न घेता. मी उठून त्यांच्या खुर्चीजवळ गेले. काय करावं कळेना, म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. हात अवघडला तरी काढला नाही.

बाहेर अंधार पडला तेव्हा त्यांनी नाक पुसलं. "तो खोडकर होता," ते म्हणाले. "आईच्या चपला लपवायचा." मग त्याचं हसणं, सायकल, गणितात नापास होणं, सगळं एकामागून एक येत गेलं. ते तासभर बोलले. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "त्याचं नाव सांगू?"

भावाचा विषय निघाल्यापासून मी ते एकदाही विचारलं नव्हतं. युद्धावर मोठा कागदभर लिहितानासुद्धा नाही.

"सांगा ना," मी म्हणाले.