पुन्हा मधूनच!

"शी!"

पुरुषमाणसं सहसा ‘छ्या’ म्हणतात. हा मात्र ‘शी’च म्हणायचा. दुधात साय दिसली की लहान मूल जसं नाक वर चढवतं, तसं नाक चढवायचा आणि उजवा हात असा झटकायचा, जणू हाताला काहीतरी घाण चिकटलीय. मग ठरलेलं वाक्य यायचं. "पुन्हा मधूनच! काय करून राहिले हे लोक, ताई?"

हे दर सोमवारी सकाळी, सिंगापुरात, पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात. मी अकाउंट्सची. बुकित पंजांगहून गाड्या बदलत येते, उशीर केला तर उभं राहायलाही जागा मिळत नाही, म्हणून लवकर निघते. ऑफिसात माझ्याआधी हा एकटाच आलेला असायचा. मीटिंग रूमच्या मोठ्या पडद्यावर आदल्या रात्रीचा अमेरिकेतला फुटबॉलचा सामना लावून बसलेला. डबा उघडा, पोहे गार, आणि चेहरा कडू औषध घेतल्यासारखा.

तुम्ही म्हणाल, सिंगापुरात बसून अमेरिकेच्या त्या हातानं खेळायच्या फुटबॉलशी काय देणंघेणं? अहो, तेच तर याचं काम होतं. आमची कंपनी तिकडच्या एका संघाला आकडेमोड करून देते. कोणत्या वेळी कोणती खेळी केली, तिचा फायदा झाला की तोटा, पुढं काय करावं. हा नागपूरचा इंजिनिअर त्या कामाचा प्रमुख होता. म्हणजे त्याच्या हाताखाली कोणी नव्हतं, पण कार्डावर तसं लिहिलं होतं.

आमच्या पॅन्ट्रीतल्या चिनी आंटीला त्याची ‘शी’ ऐकून दर वेळी वाटायचं की कॉफी बिघडली. ती मुकाट्यानं जुना कप उचलायची आणि नवी, बिनसाखरेची काळी कोपी आणून ठेवायची; कॉफीला इथं कोपीच म्हणतात. ह्यानं कधी तिला खरं कारण सांगितलं नाही. मी टोकलं, तर म्हणाला, "काहून सांगू? दोन कप मिळून राहिले ना."

मला त्या खेळाची मनापासून किळस आहे, हे आधीच सांगून टाकते. डोक्याला टोपडी घातलेले दांडगट एकमेकांवर आदळतात, उठतात, चिखल झटकतात, पुन्हा आदळतात. एकदा मी हे त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं रागावायचं सोडून साखरेच्या चार पुड्या टेबलावर मांडल्या.

"हे चार प्रयत्न. चारांत मिळून दहा यार्ड पुढे जायचं. गेलात, की नवे चार मिळतात. नाही गेलात, तर चेंडू समोरच्याला. आता ही पहिली पुडी पाहा. हिला म्हणतात फर्स्ट डाऊन. या वेळी काहीही करता येतं. लांब फेका, जवळ फेका, पळवा. समोरच्याला अंदाजच येत नाही. आणि आपला कोच काय करतो? चेंडू एका धिप्पाड माणसाच्या पोटाशी देतो आणि त्याला सरळ मधोमध, माणसांच्या ढिगात घुसवतो. मिळाले दोन यार्ड! उरल्या तीन पुड्या, आठ यार्ड. आता आपण फेकणार, हे सगळ्या जगाला ठाऊक. मग ते चढून येतात आणि आपण माती खातो."

"मग तो असं करतो तरी का?"

"भीती, ताई. फेकला आणि चुकला, तर लोक म्हणतील कोच येडा आहे. घुसवला आणि अडला, तर म्हणतील चालायचंच. संघ हरला तरी चालेल, आपलं नाव खराब नको. शी!"

ही शी ऐकून आंटी दारात आलीच.

त्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी बसून डबा खाऊ लागले. खेळ आवडला म्हणून नव्हे. माणूस इतक्या तळमळीनं चिडतो तरी कसा, ते बघायला.

त्याच्या चिडण्याचं मूळ मला पुंगोलला त्याच्या घरी कळलं. बुद्धपौर्णिमेला जेवायला बोलावलं होतं. बायको शांत, हसतमुख. मुलगी सहावीत, इथली मोठी परीक्षा त्याच वर्षी. पोरगी भलती चुणचुणीत. बापाबरोबर जुने सामने बघून तयार झालेली. पडद्यावर तो धिप्पाड माणूस ढिगात घुसला, तशी ही सोफ्यावरून, इथल्या पोरांसारखं वाक्याला ‘लाह’ लावत ओरडली, "आयो पप्पा, अगेन रन लाह! सो लेम!" बापाचा चेहरा असा फुलला, जणू पोरीनं सुवर्णपदक आणलं.

खीर खाताना मी चिडवलं, "अरे, एवढं काय? तुझ्या खिशातलं जातंय का काही?"

तो चमचा ठेवून म्हणाला, "ताई, माझ्या आजोबांना एकही प्रयत्न मिळाला नाही. गावाबाहेर जन्मले, गावाबाहेर गेले. बाबांना एक मिळाला. शाळेत मास्तर म्हणाले, तू आयटीआयला जा, पक्कं काम आहे. बाबा म्हणाले, नाही, मी कॉलेजलाच जाणार. एकच होता, तो लांब फेकला. चुकला असता तर आज मी इथं खीर खात बसलो नसतो. मला दोन-तीन मिळाले. आणि या कोचला चार मिळतात. संपले की नवे चार! आणि हा लेकाचा पहिला चिखलात टाकून देतो. मला किळस नाही येणार तर काय?"

मी आणखी खीर मागून घेतली.

नंतर जे झालं त्यानं माझं डोकं आजही फिरतं. त्या हंगामात संघ ओळीनं हरत होता आणि तिकडचे लोक कोचला शिव्या घालत होते, अगदी याच कारणावरून. फर्स्ट डाऊनला सारखा मधूनच घुसवतो म्हणून. कोचनं आमच्या साहेबाला निरोप धाडला, की माझं बरोबर आहे असं दाखवणारं काहीतरी पाठवा. आणि आमच्याशी केलेला करार तर त्याच वर्षी संपणार होता.

आमचा साहेब मुंबईचा. वरच्यांपुढं कमरेत वाकलेला, खालच्यांपुढं ताठ. त्यानं स्वतः बसून एक आलेख काढला. त्यात दिसत होतं की जिंकणारे संघ चेंडू जास्त पळवतात, हरणारे जास्त फेकतात. झालं! पळवा आणि जिंका. वरून रंग दिले, बाण काढले.

ह्यानं तो आलेख बघितला आणि पहिल्यांदाच ‘शी’ म्हणाला नाही.

मला म्हणाला, "आकडे खरे आहेत ताई. म्हणून तर जास्त घाण आहे. जो आधीच पुढे असतो तो शेवटी पळवत बसतो, वेळ काढायला. जिंकून राहिला म्हणून पळवतो. पळवतो म्हणून नाही जिंकत. लग्नात जेवण झालेले लोक विडा खातात. म्हणून उपाशी माणसाच्या तोंडात विडा कोंबला तर त्याचं पोट भरेल का?"

हे साहेबालाही कळत होतं हो. न कळायला तो काही बावळट नव्हता. तो म्हणाला, "अरे, कस्टमरला हवंय ते दे ना. मंगळवारी सकाळी कोच कॉलवर येतोय. तू फक्त म्हणायचं, येस कोच. बस. तुझा इथं राहायचा पास कंपनीवर आहे, विसरू नकोस."

शेवटचं वाक्य किती सहज म्हणाला, शेजारी उभी राहून मी ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पास गेला की घर गेलं, आणि मुलीची शाळा गेली. परीक्षा होऊन गेली होती, निकाल यायचा होता. जानेवारीत ती माध्यमिक शाळेत जाणार होती. कोणती शाळा, ते तिनं मनात ठरवूनही ठेवलं होतं, कारण तिथं मुलींचा फुटबॉल होता.

दुपारी फूड सेंटरमध्ये जेवताना मी त्याला सरळ सांगितलं, "म्हणून टाक येस कोच. दोन शब्द तर आहेत. तो गाढव तसाही घुसवायचा थांबणार नाही. तू कशाला जीव जाळतोस?"

"हो," तो म्हणाला. "बायकोही तेच म्हणून राहिली. म्हणतो ना. म्हणून टाकतो."

आणि खरंच म्हणणार होता तो. मी त्याला ओळखत होते.

मंगळवारी बिलांची चौकशी निघाली तर असावी, म्हणून साहेबानं मलाही बसवलं. पडद्यावर कोच. लाल चेहरा, तोंडात च्युइंगम. साहेबानं आलेख दाखवला. कोच खूश. सगळं ‘येस’ म्हणण्यापर्यंत आलं होतं. तेवढ्यात कोचला काय सुचलं कोण जाणे, त्यानं साहेबाला गप्प केलं आणि याला विचारलं, "तुम्ही आमचा प्रत्येक सामना बघता म्हणे. माझ्या जागी असता तर फर्स्ट डाऊनला काय केलं असतं?"

साहेबानं टेबलाखाली याच्या पायावर पाय दिला. मला दिसला.

हा म्हणाला, "फेकला असता, कोच. चित्र खरं आहे, त्याचा अर्थ खोटा आहे." आणि मग शांतपणे, त्याच्या त्या नागपुरी इंग्रजीत, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, हात झटकला नाही. आपल्याच माणसाला समजवावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुम्ही भिता, कोच. तुमची पोरं भीत नाहीत. मी बघतो ना त्यांना."

कोचचं च्युइंगम थांबलं. मग तो म्हणाला, "थँक यू." आणि पडदा काळा झाला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. थँक यू!

करार झाला. नव्या करारात आमच्या कंपनीनं याची जागाच ठेवली नाही. साहेब मला म्हणाला, "वरून आलंय." कुठून वरून? आकाशातून पडलं का? आणि बाकीचे? इतके शिकलेले लोक, पण सगळ्यांनी शेपूट घातली. मी साहेबाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि महिनाअखेरचे हिशेब मागितले.

निरोपाला केक मागवला. फुटबॉलच्या आकाराचा, वर पांढऱ्या क्रीमची शिवण. मी त्याला हातही लावला नाही. आणि हा? हा हसत होता. कागदाच्या ताटलीत मोठा तुकडा घेऊन त्यावर दुसरी ताटली पालथी घातली. म्हणाला, "पोरीला चॉकलेट आवडतं." तिचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता. तिला हवी ती शाळा मिळत होती.

चांगी विमानतळावर सोडायला मी गेले. पोरगी माझ्याशी बोलली नाही, बापाशीही नाही. बापाच्या बॅगेला टेकून ती फोनमध्ये बघत होती. बायकोनं माझा हात घट्ट धरला. तो म्हणाला, "नागपूरला आपलं स्वतःचं काम सुरू करतो ताई. कबड्डीवाल्यांना, क्रिकेटवाल्यांना असंच करून देईन. पहिल्याच वर्षी लांब फेकायचं." मला बरं वाटलं. हा माणूस तिथं जाऊनही नाक चढवणार, याची खात्री वाटली.

पुढच्या हंगामाचा पहिला सोमवार. मीटिंग रूममध्ये दिवा दिसला म्हणून डोकावले. साहेब आणि दोन नवीन पोरं. पडद्यावर आमचा संघ. पहिलीच खेळी, फर्स्ट डाऊन. आणि कोचनं चेंडू फेकला! लांब, उंच, मैदानाच्या पार त्या टोकाला. एका पोरानं धावत जाऊन तो झेलला. खोलीत टाळ्या. साहेब म्हणाला, "बघितलं? आपण सांगितलं म्हणून."

आपण!

मी तिथून निघाले, पॅन्ट्रीत कोपीचा कप घेऊन बसले आणि नागपूरला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं, पण त्यानं लगेच उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. फेकला, झेलला, साहेब काय म्हणाला, सगळं. वाटलं, आता आनंदानं ओरडेल, नाहीतर साहेबाला शिव्या घालेल.

"हो का," तो म्हणाला. "चांगलं झालं. पोरं चांगली आहेत ती."

"तू बघत नाहीस आता?"

"सकाळी वेळ नसतो, ताई. कॉलेजला शिकवायला जातो ना. ओळखीच्यांनी लावून दिलं. पक्कं आहे. पोरीची शाळाही जवळ पडते."

"आणि स्वतःचं काम? कबड्डीवाले?"

मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"पोरगी शाळेत ‘लाह’ म्हणते तर मुलं हसतात तिला. बोलणंच कमी केलंय तिनं. सध्या तिच्याजवळ राहून राहिलो." मग तो हळूच म्हणाला, "यंदा मधूनच घुसलो, ताई. दोन यार्ड मिळाले. पुरे आहेत."

मी वाट बघत राहिले. आता ‘शी’ म्हणेल, आता म्हणेल. त्यानं म्हटलं नाही. "ठेवतो ताई, जय भीम," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मीच म्हणाले. मोठ्यानं, नाक चढवून, हात झटकून. कोचला, साहेबाला, त्या केकला, टाळ्या वाजवणाऱ्या त्या पोरांना. त्याला नाही. त्याला नाहीच.

आंटी लगबगीनं आली. माझ्या हातातला कप काढून घेतला आणि ताजी कोपी आणून ठेवली. मग क्षणभर थांबून तिनं दुसराही एक कप भरला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला.