मामांचा विश्रांतीचा आठवडा

सुट्टीला माझ्या मामेसासऱ्यांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सांगलीकरांनी राग मानू नये, पण तिकडेही सापडणार नाही. साप, विंचू, सरकारी नोटीस यांपैकी कशालाही ते भीत नाहीत. पण उद्या रविवार आहे म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, कोरेगावात परतले आणि कुणीही विनंती केलेली नसताना गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवायला लागले. त्याला आता अठरा वर्षं झाली. शिट्टी गळ्यातून कधी उतरत नाही. एका मयतीला लोक रेंगाळत चाललेले बघून त्यांचा हात शिट्टीकडे गेलेला मी स्वतः पाहिला आहे. नोकरीत असताना दोन महिन्यांची रजा मिळाली, की चार दिवसांत ते बेचैन होत आणि गल्लीतल्या झाडांना गेरू आणि चुना लावायला घेत. झाडं संपली की विजेचे खांब. एका रजेत शेजाऱ्यांची म्हैस थोडक्यात वाचली, असं मामी अजून सांगतात.

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची मामांना सवय नाही, ते पायांकडे बघतात. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो होतो. सगळे मला पगार, शेती, भाऊ किती असं रीतसर विचारत होते, आणि मामा कोपऱ्यात बसून माझ्या पावलांकडे टक लावून बघत होते. पोह्यांची बशी हातात आली तेवढ्यात ते म्हणाले, ‘पावणं, जरा उभं ऱ्हावा. प्यांट वर घ्या गुडघ्यापत्तूर.’ मी घाबरून घेतली. भावी बायकोसमोर, तिच्या तीन मावश्यांसमोर, बशी सांभाळत मी पोटऱ्या दाखवल्या. मामांनी दोन्ही बाजूंनी पाहणी करून निकाल दिला, ‘बसून खाणारा हाय. पण पाय सरळ हाईत. द्या पोरगी.’ लग्नानंतर त्यांनी मला संघाचा मॅनेजर केलं. म्हणजे माझी सात माणसांची, पण अख्खा संघ कोंबून नेणारी जुनी गाडी, पाण्याचे जार आणि चेंडूंची जाळी यांचा भार माझ्याकडे आला. खेळायला मी लायक नाही हे त्यांनी पोह्यांच्या वेळीच ठरवलं होतं.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सातारा आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांतल्या गावांची मिळून एक साखळी स्पर्धा असते. तोपर्यंत दरवर्षी मामांचा संघ साखळीतच गारद व्हायचा. बाद फेरी ही काय चीज असते ते आमच्या पोरांनी फक्त टीव्हीवर पाहिलेलं. आणि गेल्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, आम्ही गटात पहिले आलो. नियम असा, की दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या संघांनी आपसात खेळून पुढे यायचं, पहिल्याने थेट उपांत्य सामन्याला सांगलीला जायचं आणि मधला एक आठवडा विश्रांती घ्यायची. पोरांनी गुलाल उधळला. मामांच्या टोपीवरही उधळला. ते तसेच गुलालात उभे राहून म्हणाले, ‘आठ दिस? आठ दिसांत माणूस चालायचं इसरतो गड्या.’

त्याच संध्याकाळी तालमीच्या भिंतीवर खडूने वेळापत्रक लागलं. सकाळी हलकी धाव, संध्याकाळी नुसते पास आणि दुपारी दोन ते चार झोप. ही झोपेची भानगड त्यांनी पलटणीतून आणली होती. सामन्याआधी पाय जमिनीला लागता कामा नये, असं त्यांचं शास्त्र. आता आमची पोरं काय पलटणीतली आहेत? कुणी गॅरेजमध्ये, कुणी दूध डेअरीत, निम्मे शेतात. पण दुपारी दोन वाजता मामा सायकलवर निघायचे आणि प्रत्येक खेळाडू आडवा झाला आहे की नाही ते बघायचे. आमचा डावा विंगर संदीप, म्हणजे सगळ्यांचा संद्या, त्याच्या विहिरीवरच्या मोटारीला त्या आठवड्यात दुपारची लाइट होती. तो उसाला पाणी पाजत होता. मामा बांधावर उभे राहून म्हणाले, ‘झोप.’ तो म्हणाला, ‘मामा, लाइट जाईल. सरी भरायच्या ऱ्हाईल्यात.’ मामांनी सायकल बांधाला टेकवली, विजार वर खोचली आणि त्याच्या हातातलं खोरं काढून घेतलं. दोन तास सदुसष्ट वर्षांचा माणूस चिखलात उभा राहून दारं धरत, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवत होता आणि संद्या आंब्याखाली डोळे मिटून पडला होता. झोप येणं शक्यच नव्हतं, पण उघडे डोळे दिसले की मामा तिथूनच शिट्टी मारायचे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण स्पर्धेवाल्यांनी जो आठवडा दिला तो नेमका जत्रांचा. आमच्याकडे चैत्रात कोरेगावपासून वडूजपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी एका गावाआड एका गावाची जत्रा असते. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी बोकड. त्या दिवशी पाहुणा जेवल्याशिवाय उठला तर घराण्याचा अपमान. आणि आमच्या सोळा खेळाडूंची मिळून आत्या, मावश्या, सासुरवाड्या किती असतील ते देवच जाणे. सहा दिवसांत पाच जत्रा होत्या. सगळीकडून संघाला आवतण, कारण आता आम्ही बाद फेरीतले, नावाजलेले.

मामांनी आधी सरळ मार्ग धरला. संद्याच्या आत्याकडे पहिली जत्रा होती. आदल्या दिवशी ते तिच्या घरी गेले आणि विनंती केली, की पोरांना यंदा मटण नको, ताक-भाकरी द्या. आत्याने हातातलं सूप खाली ठेवलं. ‘आवं हवालदार,’ ती म्हणाली, ‘वरसातनं एकदा जत्रा. भाचा ताकावर उठला तर देवाम्होरं मी कुठल्या तोंडानं जाऊ? तुमच्या बॉलला म्हनावं, एक दिस थांब.’ मामांनी मग पोरांनी जत्रेलाच जाऊ नये असं सुचवून बघितलं. त्यावर आत्याने जो चेहरा केला, तो बघून आघाडीवर राहिलेला माणूस मुकाट्याने माघारी फिरला. येताना गाडीत ते बोटांवर ताटं मोजत होते. मग म्हणाले, ‘पावणं, ताट रिकामं झालं म्हंजे त्या बाईचं समाधान. खाल्लं कुनी, हे ती कशाला बघतीया?’

आणि ते अमलात आलं. पंगतीत मामा बरोबर मध्ये बसायचे. पोरांनी भाकरीचा अर्धा तुकडा रश्शात बुडवून खायचा, तोंडदेखलं ‘लय भारी झालंय’ म्हणायचं, आणि वाढपी पुढे सरकला की ताट मामांच्या ताटाशी बदलायचं. मामा खायचे. सुकं खायचे, रस्सा प्यायचे, हाडं शेजारच्या ताटात परत ठेवायचे, म्हणजे पुराव्याला कमी नको. मी एकदा म्हटलं, ‘मामा, तुमच्या पोटाचं काय?’ तर म्हणाले, ‘मी रिटायर मानूस. माझ्या पोटाला कुठं मॅच हाय?’ घाम पुसत, मध्ये कमरेचा पट्टा एक भोक सोडत, ते एकेका पोराचा भार वाहत होते. आमच्या गोलकीपरची तेवढी काळजी नव्हती. तो सांगलीकडचा, जैन घरातला, इथे खताच्या दुकानात नोकरीला. त्याच्यासाठी प्रत्येक घरी वेगळी चूल मांडून वरण-भात व्हायचा आणि तो कसलीही लपवाछपवी न करता शांतपणे जेवायचा. वाढपी मंडळी तर मामांवर खूश झाली. ‘हवालदार, ह्या वयात असं जेवनारा मानूस ऱ्हायला न्हाई,’ असं म्हणून ते स्वतः मामांना वेगळं वाढू लागले. म्हणजे पोरांचं अधिक स्वतःचं.

आता लाज वाटते ते सांगतो. आमच्या बायकामंडळींना फसवणारा अजून जन्माला यायचाय. पोरं जेवत नाहीत हे संद्याच्या आत्याने पहिल्याच पंगतीत ओळखलं. ती मामांना एक शब्द बोलली नाही. निघताना तिने हळूच माझ्या गाडीच्या मागच्या बाजूला दोन मोठे स्टीलचे डबे ठेवले आणि मला म्हणाली, ‘जावईबापू, पोरं घरी जाऊन खातील. म्हाताऱ्याला कळू दिऊ नगा.’ पुढच्या गावी तेच. त्याच्या पुढच्या गावी तीन डबे. मामांना घरी सोडलं की चौकात गाडी थांबायची आणि डबे उघडायचे. सकाळपासून ताकावर राहिलेली जवान पोरं, त्यांचा तरी काय दोष? मी मॅनेजर होतो, मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं तर नाहीच, भाकरी कमी पडेल म्हणून घरून आणून दिली, आणि नळी कुणी घ्यायची यावर भांडण झालं तेव्हा ती मी घेतली.

सामन्याच्या दिवशी सकाळी सातला मामींचा फोन आला. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब, मामा उभे राहू शकत नव्हते. मी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी दवाखान्यात सलाईन लावलं होतं. ‘अंगातलं पाणी गेलंय, पोटावर अत्याचार झालाय,’ असं डॉक्टर म्हणाले आणि दोन दिवस हलायचं नाही म्हणून ताकीद दिली. मामा शर्ट-पँट घालून, बुटाच्या नाड्या बांधून कॉटवर पडलेले. सांगलीला जायच्या तयारीत. त्यांनी एकदा उठायचा प्रयत्न केला, चक्कर येऊन परत पडले. मग छताकडे बघत म्हणाले, ‘पावणं, पलटणीची टीम एकदाच फायनलला गेली. तवा नेमकी रजा मंजूर झाली, तुमच्या सासूचं लगीन व्हतं. मी हिकडं मांडवात, आन् पोरं तिकडं हारली. तवापासनं मला सुट्टी नगं वाटती. आन् आज बघा.’ त्यांची ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि पाच दिवस गाडीत डबे वाहून नेणारा माणूस होतो मी. ‘जावा तुमी,’ ते म्हणाले. ‘फोन ह्या सिस्टरनं काढून घेतलाय. येऊन तोंडानंच सांगा.’

सांगलीच्या मैदानावर पोरं अशी सुटली की समोरच्यांना काही कळेना. संद्याने विसाव्या मिनिटाला गोल घातला आणि मध्यंतराला आम्ही एकने पुढे होतो. मी देवाला हात जोडले, आणि जे जे डबे आणले त्या सगळ्यांबद्दल माफी मागितली. पण उत्तरार्धात एकेकाची चाल मंदावू लागली. कुणी कमरेवर हात ठेवून उभा, कुणी चेंडू समोरून जातोय तो नुसता बघतोय. शेवटच्या दहा मिनिटांत तर आमच्या अर्ध्या मैदानात पळणारी माणसं फक्त समोरच्यांची होती. पूर्ण संघात एकच खेळाडू हलका आणि ताजातवाना, तो आमचा गोलकीपर, आणि नेमकं त्याला पळायचं काम नाही. बिचाऱ्याने चार वेळा उडी मारून वाचवलं. पाचव्यांदा आणि सहाव्यांदा त्याचा इलाज चालला नाही. दोन-एकने हरलो. परतीच्या वाटेवर कोरेगाव जवळ आल्यावर संद्याच हळू आवाजात म्हणाला, ‘मामांना काय सांगायचं?’

संध्याकाळी सहाला दवाखान्यात शिरलो. पोरं बाहेर व्हरांड्यात थांबली. मामा उशीला टेकून बसले होते आणि दाराकडे बघत होते. मी निकाल सांगितला. त्यांनी मान हलवली. मग किती वेळ पुढे होतो, गोल कुणी घातला, कुठल्या पायाने घातला, असं एकेक विचारत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘शेवटी दमली व्हय पोरं?’

मी खाली बघितलं. त्यांना वाटलं मला उत्तर द्यायला जड जातंय. सुईचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या मनगटाला धरलं. ‘चूक माझी हाय पावणं,’ ते म्हणाले. ‘वडूजच्या जत्रंत माझ्याच्यानं संद्याचं ताट संपलं न्हाई. निम्मं ऱ्हायलं. त्यानंच ते खाल्लं आसंल, दुसरं काय करील? मी एक ताट कमी पडलो बघा. येवढं केलं आन् एका ताटाला मागं सरलो.’

खरं सांगायला माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि शब्द दुसरेच आले. ‘न्हाई मामा,’ मी म्हणालो, ‘संद्या तर सगळ्यात जास्त पळाला. शेवटपर्यंत. सगळीच पळाली. समोरची टीमच लय तगडी होती.’

‘खरं सांगताय?’

‘खरं.’

त्यांच्या खांद्यांचा ताण सैल झाला. ‘मग बास,’ म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने चक्क झोपले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मी सलाईन संपेपर्यंत तिथंच बसून राहिलो. दाराच्या फटीतून बाहेर उभी असलेली पोरं दिसत होती. आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं, आणि त्यांना आत बोलवायचं धाडस मला.