पनवेलची खुरपी, लडाखचं अंगण

फेब्रुवारीतल्या एका रविवारी धाकट्या बहिणीचा, शुभाचा, फोन आला. "ताई, इथल्या अंगणात काय लावू? नुसती धूळ आहे गं."

शुभा तेव्हा दोन वर्षांपासून लडाखमधल्या एका छोट्या शाळेत शिकवत होती. शाळेशी तिचा करार त्या वर्षीच्या दिवाळीला संपणार होता. त्यानंतर ती पनवेलला माझ्याकडे राहायला येणार, असं मी धरून चालले होते. तिची खोली रंगवून घेतली होती, नवी खाटही आणली होती. आई गेली तेव्हा शुभा शाळेत शिकत होती. तेव्हापासून आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही. नवीन पनवेलात इमारती उगवतात, त्यांच्या पायथ्याशी बागा करून देते. त्यामुळे झाडांबद्दलच्या प्रश्नाला फोनवर उत्तर देणं मला जमलं असतं. पण मी म्हणाले, "मीच येते लावून द्यायला." तिथे गेल्यावर तिला परत येण्याबद्दल नीट विचारायचं, हे मनात होतं.

एप्रिलच्या अखेरीस निघाले. मनालीचा रस्ता तेव्हा बर्फाने बंद असतो, म्हणून विमानच. दिल्लीहून लेहची विमानं पहाटे सुटतात आणि तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तर परवडतात. पनवेलहून विमानतळासाठी मात्र भरपूर वेळ हाताशी ठेवा. कळंबोलीला न्हावा शेव्याच्या कंटेनरांची रांग लागली होती आणि आम्ही तिच्यात अडकलो. टॅक्सीवाला उलव्याकडचा होता.

"तिकडं बरफ हाय ना, ताई?"

"आहे की."

"मग झाडं कशाला लावता तुमी? सोटर इका." आणि स्वतःच्या विनोदावर तो वाशीपर्यंत हसत राहिला.

एक सूचना: खुरपी मोठ्या बॅगेत टाका. माझी हातातल्या पिशवीत होती. तिच्यासाठी परत काउंटरवर जाऊन पिशवी सामानात द्यावी लागली.

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काहीही करू नका. हे सगळे सांगतात आणि कोणी ऐकत नाही. मी ऐकलं, कारण जिना चढतानाच दम लागला. गेस्ट हाउसच्या खिडकीत बसून लसणाचं सूप प्यायले. तुमचा मोबाइल प्रीपेड असेल तर तिथे चालत नाही, माझाही चालला नाही. पनवेलला रोज पंधरा फोन येतात. इथे दोन दिवस कोणी मला हाक मारली नाही. आपण बोललो नाही तर दिवसभर आवाजच होत नाही, हे पनवेलच्या घरीही खरंच आहे. फक्त तिथे ते फोनच्या घंटीत झाकून जातं.

तिसऱ्या दिवशी शुभा घ्यायला आली. गालांची सालं निघालेली, केस तेल न लावलेले, पण चाल अगदी तिथल्या बायकांसारखी, सावकाश. बसस्टँडजवळच्या टपरीत आम्ही थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, खाल्ला आणि बाजारामागच्या रोपवाटिकेत गेलो.

पनवेलहून येताना मी मनाशी यादी करून आणली होती. कोरडी हवा म्हणजे कोरफड, निवडुंग, बोगनवेल. पाणी मागत नाहीत, उन्हाला भीत नाहीत. शिवाय झेंडू आणि कॉसमॉसच्या बियांची पाकिटं होती, एका उन्हाळ्यात फुलून संपणारी. पण तिथल्या वाफ्यांमधून फिरताना माझं चुकलेलं मला दिसायला लागलं. कोरफडीचं पान म्हणजे पाण्याची पिशवी. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली कितीतरी उतरतो, पिशवी गोठणार आणि फुटणार. नुसती तहान सोसणारं झाड उपयोगाचं नव्हतं. हिवाळ्याआधी सगळी पानं टाकून उघडंवाघडं उभं राहू शकेल, असं हवं होतं. रानगुलाब, विलो, आंबट केशरी फळांचं काटेरी सीबकथॉर्न. पायाशी लव्हेंडर, बारीक करड्या लवदार पानांचं. रोपवाटिकेचे मालक आमच्या मागे मागे फिरत होते. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात चहाचा पेला.

मी जर्दाळूच्या रोपांपाशी थांबले. नुसत्या काठ्या, टोकाला एखादी फुगलेली कळी. फळ धरायला किती वर्षं, म्हणून मी हिंदीत विचारलं.

"चार-पाच साल," ते म्हणाले. मग शुभाकडे वळले. "मैडम, एक साल के लिए चाहिए या रहने के लिए? एक साल के लिए तो फूल ले जाओ, सस्ता पड़ेगा."

"रहने के लिए," शुभा म्हणाली.

किती सहज म्हणाली. भाजीवाल्याला पावशेर सांगावं तसं. नंतर तिने माझ्याकडे पाहिलं. मी एका काठीचं मूळ ओलं आहे का, ते चाचपत होते. "ही घे," मी म्हणाले. "आणि ही. एकच नको, दोन घे."

शुभाच्या गावाला लेहहून दुपारची बस आहे, सिंधूच्या काठाने सासपोलच्या दिशेला. भाडं अगदी थोडं, पण जागेसाठी तासभर आधी जाऊन बसा. आमच्या मांडीवर झाडं होती, पायाशी कुणाचीतरी सिमेंटची गोणी. वाटेत खालच्या गावांमधून जर्दाळू फुलले होते, मातकट डोंगराखाली फिकट गुलाबी पट्टे. डाव्या बाजूची खिडकी मिळवा. मी बराच वेळ बाहेरच बघत होते.

"ताई, मी फोनवर सांगणार होते," शुभा म्हणाली.

"करार?"

"वाढवला. मार्चमध्येच."

"मार्चमध्ये मी तुझ्या खोलीला पडदे शिवत होते."

 "रंग कोणता?" तिने विचारलं.

"पिवळा."

"मला आवडला असता," असं म्हणून तिने माझ्या मांडीवरची दोन रोपं उचलून आपल्या मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. राग आला की माझे हात जास्त चालतात. दुपारपर्यंत मी चार छान गादीवाफे उभे केले, जमिनीपासून वीतभर उंच, कडा चोपून काढलेल्या. रोपं माथ्यावर लावली आणि बुडाशी मातीची भर दिली. नवीन पनवेलात मी वीस वर्षं हेच करत आले आहे. नाहीतर जुलैत मुळं कुजतात.

तिसऱ्या प्रहरी पाटाच्या पाण्याची आमची पाळी होती. तिथे बर्फ वितळून ओढ्याला येणारं पाणी घराघरांना पाळीने मिळतं. शुभाच्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळे आमा-ले, म्हणजे आई, म्हणतात, त्यांनी फावड्याने पाट फोडला. पाणी अंगणात आलं, माझ्या वाफ्यांना वळसा घालून मधल्या सऱ्यांतून झरझर गेलं आणि खालच्या शेजाऱ्याच्या शेतात उतरलं. रोपं वर कोरडी.

आमा-ले फावड्यावर हनुवटी टेकून बघत होत्या. "दीदी, हमारा पानी नीचे नोरबू को दे दिया? वो तो रिश्तेदार भी नहीं है."

शुभाला हसू आवरेना. मग मलाही आवरेना, आणि हसता हसता मी तिथेच मातीत बसले. पाणी लवकरात लवकर घालवायचं, एवढंच माझ्या हातांना ठाऊक होतं. उतरलेलं ऊन असेपर्यंत आम्ही तिघींनी सगळं उलटं केलं. वाफे मोडले, खोल आळी खणली, रोपं खड्ड्यात बसवली, वर गोटे पसरले, म्हणजे ओल उडत नाही. जर्दाळू दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ, तिथे दगड दिवसाची ऊब धरतो. पाळीचं पाणी संपत आलं होतं. आमा-लेंनी आपल्या शेताच्या वाट्याचं थोडं वळवलं.

संध्याकाळी खंबीर नावाची तिथली जाड, आंबवलेली रोटी आणि लोणी घातलेला खारट चहा. पहिल्यांदा पिताना त्याला चहा समजू नका, सूप समजा, मग आवडतो. झेंडूच्या बिया मी आमा-लेंना दिल्या. खुरपी शुभाकडे ठेवून आले. निघताना तिला सांगितलं, "गोठण लागायच्या आधी एकदा भरपूर पाणी दे. कोरडं मूळ थंडीत लवकर मरतं."

"तू नाही का येणार तेव्हा?"

"तेव्हा माझी सोसायट्यांची कामं असतात," मी म्हणाले. खरंही होतं ते.

घरी आल्यावर बॅग तिच्याच खोलीत ठेवली होती, ती महिनाभर तिथेच राहिली. पिवळे पडदे लावले. सकाळचं ऊन त्या खोलीत चांगलं येतं, म्हणून हळूहळू मी तिथे रोपांचे ट्रे मांडायला लागले. खाट आता भिंतीला उभी करून ठेवली आहे. विकलेली नाही.

तुम्हाला सहलीचा हिशेब हवा असेल तर तो एवढाच: रस्ता सुंदर, हवा विरळ, जेवण साधं, लोक प्रेमळ. जमलं तर जर्दाळू फुलतात तेव्हा जा.

हे लिहायला वर्ष लागलं, कारण गेल्या आठवड्यापर्यंत शेवट मला माहीत नव्हता. गेल्या आठवड्यात शुभाचा फोन आला. बर्फ गेला होता.

"ताई, सगळ्या नुसत्या काठ्या दिसतायत. जिवंत आहेत का, कसं ओळखू?"

"नखाने साल जराशी खरवड. आत काय रंग दिसतो?"

ती एकेका झाडापाशी जात होती. गोट्यांवरची तिची पावलं ऐकू येत होती. रानगुलाब हिरवा. लव्हेंडरचं एक गेलं, दोन आहेत. पहिला जर्दाळू तपकिरी, आणखी खाली खरवडला तरी तपकिरी. ती दुसऱ्यापाशी गेली.

"ताई," ती म्हणाली. "हिरवा आहे गं. ओला हिरवा."

मी पिवळ्या पडद्यांच्या खोलीत, ट्रेच्या मधे उभी होते. "बरं झालं," मी म्हणाले. "आता आळं जरा मोठं कर. यंदा मुळं पसरतील."